येडशीला वाघ आला खरा, पण एकटाच. त्याचं रक्त पुढं जाणार कसं?

चौसाळा (ता. बीड) : आपल्या गावातून सोलापूरच्या दिशेनं निघालं की पारगाव, तेरखेडा, येरमाळा करत येडशीचा घाट लागतो. पन्नास-साठ किलोमीटरचा रस्ता. श्रावणात रामलिंगाच्या दर्शनाला जाणारी आपल्याकडची मंडळी काही कमी नाहीत. त्याच येडशी रामलिंग घाट अभयारण्यात डिसेंबर २०२४ मध्ये वन विभागाच्या कॅमेऱ्यात वाघ आला. बिबट्या नव्हे, पट्टेरी वाघ. अंगावरचे पट्टे जुन्या फोटोंशी जुळवून बघितले तर तो निघाला यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा. म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोमीटर लांबून आलेला.

पुढचे कित्येक महिने बार्शी आणि धाराशिवच्या बाजूला काय धावपळ झाली ते आपण ऐकलंच आहे. जनावरं मारली गेली, लोक रात्री शेतात जायला घाबरायला लागले, वाघाला पकडायला ताडोब्याहून पथक आलं. दिवसामागून दिवस गेले, वाघ काही हाती लागेना. आपल्याकडं त्या काळात मोबाईलवर रोज एक नवा व्हिडिओ यायचा. कुणी म्हणे पारगावला दिसला, कुणी म्हणे आपल्याच डोंगरात आहे.

असंच एकदा स्टँडवरच्या हॉटेलात चहा घेताना आमच्या ओळखीचे एक आबा म्हणाले, "एवढं रान सोडून ते जनावर हिकडं काय करायला आलं? हितं ना धड जंगल, ना त्याची मादी." सगळे हसले. पण आबांनी विचारलं तोच खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर गेल्या पंधरा-वीस वर्षांत शास्त्रज्ञांनी वाघाच्या विष्ठेतून शोधून काढलंय. हो, विष्ठेतून. ते कसं ते पुढं सांगतो. आधी शेळीचं बोलू, कारण ते आपल्याला लवकर कळतं.

घरचाच बोकड

माझ्याकडं थोड्या उस्मानाबादी शेळ्या आहेत. काही वर्षांपूर्वी एक बोकड अंगानं चांगला निघाला म्हणून विकला नाही, घरच्या शेळ्यांना तोच ठेवला. पहिल्या सालाला करडं झकास झाली. मग त्याच्याच माद्या मोठ्या झाल्या, त्याही त्याच्याकडूनच गाभण राहिल्या. उस्मानाबादी शेळी म्हणजे जुळं देणारी, पण आमच्याकडं एकेकच करडू यायला लागलं. दोन तर धड उभी राहिलीच नाहीत. एकाचा जबडा वाकडा, त्याला आचळ धरता येईना. मी आधी चाऱ्याला दोष दिला, मग पाण्याला. शेवटी मेंढरं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या धनगरानं बघितलं आणि एवढंच विचारलं, "बोकड कुणाचा?" म्हटलं घरचाच. "मग बदल की," म्हणाला, आणि पुढं गेला.

धनगर शाळेत गेला नसेल, पण बोलला ते अगदी शास्त्राचं. प्रत्येक जिवाच्या अंगात त्याची घडण कशी व्हायची याच्या सूचना असतात, त्यांना जनुकं म्हणतात. डीएनए म्हणजे त्याच सूचनांची लिखापढी. प्रत्येक सूचना दोन प्रतींत असते. एक प्रत आईकडून, एक बापाकडून. एखादी प्रत खराब असली तरी दुसरी चांगली असेल तर बहुतेक वेळा काम भागतं, वरून काही कळतही नाही. आता बोकडाकडं एक खराब प्रत आहे असं धरा. त्याच्या निम्म्या पोरींत ती जाणार. त्यातल्या एखादीला तोच बोकड लागला, तर होणाऱ्या चार करडांतल्या एकाला सरासरीनं दोन्ही प्रती खराब मिळणार. झाकलेला दोष तिथं उघडा पडतो. आणि अशी झाकलेली खराब प्रत एकच नसते, प्रत्येक जनावरात अशा बऱ्याच असतात. माणसातसुद्धा.

म्हणून आपल्याकडं वळू बदलायची रीत आहे, मेंढा दुसऱ्या कळपातून आणतात. "रक्त बदललं पाहिजे" असं आपली जुनी माणसं म्हणत आली. लाल कंधारी किंवा देवणी पाळणारा शेतकरी वळूचं घराणं विचारतो ते उगीच नाही.

आता वाघाला बोकड बदलून देणारा धनगर कोण? कुणी नाही. ते काम वाघ स्वतःच करतो, चालून.

पोरगं घर सोडतं, पोरगी माहेरात राहते

वाघाचं पिल्लू दीड-दोन वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं. मादी असेल तर बहुतेक वेळा आईच्याच हद्दीच्या आसपास जागा धरते. नर मात्र लांब जातो. आपल्या उलटं आहे सगळं, लेक माहेरी आणि पोरगा परागंदा. पण त्यामुळं बाप-लेक, बहीण-भाऊ यांची गाठ पडायची शक्यता कमी होते आणि एका जंगलाचं रक्त दुसऱ्या जंगलात जातं. त्याला जागेचंही कारण आहे. एका नराला सहज पन्नास-शंभर चौरस किलोमीटर रान लागतं, आणि टिपेश्वर सगळं मिळून १४८ चौरस किलोमीटरच्या आसपास. तिथं वाघिणी चांगल्या वितात, पण जाणत्या नराच्या हद्दीत तरण्या नराला थारा नाही. तो निघतो.

टिपेश्वरच्याच एका नराला फेब्रुवारी २०१९ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी गळ्यात रेडिओ पट्टा घातला होता. पावसाळा लागताच तो निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातले जिल्हे पालथे घालत, शेतातून, ओढ्याच्या काठानं, रस्ते ओलांडत, डिसेंबरपर्यंत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एकूण चाल भरली सुमारे तीन हजार किलोमीटर. लोकांनी त्याचं नावच 'वॉकर' ठेवलं. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात आला. आणि डिसेंबर २०२४ ला तिसरा आपल्या येडशीला.

तिन्ही नर. तिन्ही एकाच जंगलाचे. आणि तिन्ही जिथं पोहोचले तिथं वाघीण नाही. आबांचा प्रश्न इथं येऊन टोचतो.

विष्ठेतून नातं कसं कळतं

पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखं. पण पट्टे फक्त 'कोण' ते सांगतात. हा कुणाचा कोण लागतो, ह्याचं घराणं कुठलं, ते डीएनए सांगतो. त्यासाठी वाघाला पकडायची गरज नाही. विष्ठा बाहेर पडताना आतड्याच्या अस्तराच्या बारीक पेशी तिच्यावर चिकटून येतात. शास्त्रज्ञ वरचा तो पातळ थर खरवडून प्रयोगशाळेत नेतात. डीएनएमध्ये काही ठिकाणी तीच तीच अक्षरं पुन्हा पुन्हा आलेली असतात, कुणात दहा वेळा, कुणात चौदा वेळा. अशी आठ-दहा ठिकाणं मोजली की तो वाघ नक्की होतो, आणि दुसऱ्या वाघांशी ताडून बघितलं की सोयरं कोण तेही कळतं. सातबारा उताऱ्यावरून वारस काढतो तसंच काहीसं, फक्त तलाठी लागत नाही.

बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच काम मध्य भारतात केलं. २०१३ साली त्यांचा अभ्यास छापून आला. सहा संरक्षित जंगलांतले ५५ वाघ त्यांनी विष्ठेसारख्या नमुन्यांवरून तपासले. दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे काही वाघ मूळच्या जंगलापासून तब्बल ६५० किलोमीटरच्या अंतरापर्यंत गेलेले दिसले. म्हणजे येडशीचा वाघ काही जगावेगळा नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दोन जंगलांमधलं रक्ताचं येणं-जाणं किती आहे हे अंतरावर ठरत नव्हतं. मधे वस्ती किती दाट आणि रस्ते किती, यावर ठरत होतं.

हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलं नाही. पाचशे किलोमीटर म्हणजे काय खाऊ आहे का. पण मग आपलाच महामार्ग आठवला. पूर्वी चौसाळ्यातून जाणारा धुळे-सोलापूर रस्ता म्हणजे एकेरी गाड्यांचा, रात्री दोनला कुत्रं मधोमध झोपायचं. आता चौपदरी झालाय, मधे दुभाजक, रात्रभर ट्रक. आपली म्हैस ओलांडून न्यायची तरी दोन माणसं लागतात. रानातल्या जनावराचं काय होत असेल ते सकाळी रस्त्यावर पडलेले कोल्हे-ससे बघितले की कळतं.

त्याच वर्षी आलेला दुसरा एक अभ्यास कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट या चार जंगलांचा होता. त्यात २७३ वाघांचा डीएनए होता. जंगलाचे पट्टे जिथं अजून जोडलेले आहेत, जसं कान्हा ते पेंच, तिथं वाघांची ये-जा आजही चालू. जिथं मधलं रान शेतीत आणि वस्तीत गेलं, तिथं ती आटली.

मूठभर बियाणं

कुणी म्हणेल, वाघ तर वाढलेत. खरं आहे. २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ३,६८२. महाराष्ट्रातच ४४४. मग काळजी कशाची?

काळजी संख्येची नाही, जातीतल्या फरकाची. घरात एखाद्या डब्यात मूग, मटकी, उडीद, हुलगे असं मिसळलेलं असतं बघा, त्यात पाच-दहा दाणे लाल चवळीचे. डोळे झाकून एक मूठ काढली तर मूग-मटकी येणारच, पण चवळी येईलच असं नाही. आता बी म्हणून फक्त ती मूठच ठेवली, पेरली, पुढच्या साली पोतं भरलं, तरी चवळी गेली ती गेली. पोतं भरल्यानं ती परत येत नाही.

वाघाचं नेमकं हेच झालं. इंग्रजांच्या आणि संस्थानिकांच्या काळात शिकारीत मारलेल्या वाघांची कातडी आणि हाडं इंग्लंड-स्कॉटलंडच्या संग्रहालयांत पडून आहेत. त्यांच्यातून डीएनए काढून आजच्या वाघांशी जुळवून बघितला गेला, तोही अभ्यास २०१३ चाच. आईकडून येणाऱ्या डीएनएचे जे प्रकार जुन्या वाघांत सापडले, त्यातले ९३ टक्के आजच्या वाघांत सापडलेच नाहीत. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मराठवाड्याच्या डोंगरातही वाघ होता असं जुनी माणसं सांगायची, गावोगावी वाघाची नावं असलेल्या दऱ्या आणि खोऱ्या आजही आहेत.

पुढं २०१७ मध्ये देशातल्या १७ जंगलांमधले ३८ वाघ आणखी बारकाईनं तपासले. त्यांचे तीन गट पडले: दक्षिणेकडचा, मध्य भारताचा आणि वायव्येकडचा म्हणजे राजस्थानातल्या रणथंबोरचा. सगळ्यात जास्त विविधता मध्य भारताच्या गटात निघाली. टिपेश्वर, ताडोबा हे त्याच मध्य भारतातले. रणथंबोरचे वाघ मात्र एकमेकांचे जवळचे नातेवाईक, विविधता सगळ्यात कमी. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर बियाण्याचं खरं कोठार आपल्या विदर्भाच्या बाजूला आहे.

काळा वाघ

नात्यातल्या नात्यात काय होतं हे डोळ्यानं बघायचं असेल तर ओडिशातलं सिमलीपाल. तिथले काही वाघ अंगानं जवळजवळ काळे दिसतात. पट्टे एवढे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले की पिवळा रंग मधूनमधून डोकावतो. मोबाईलवर "दैवी वाघ" म्हणून त्यांचे फोटो फिरतात. बंगळुरूच्याच केंद्रातल्या विनय सागर आणि उमा रामकृष्णन यांच्या चमूनं २०२१ मध्ये त्याचं कारण शोधलं. 'टॅकपेप' नावाच्या एका जनुकात एका अक्षराचा बदल. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या की वाघ काळपट होतो. देशातल्या दुसऱ्या जंगलांतल्या वाघांत हा बदल सापडला नाही. सिमलीपालमध्ये मात्र भरपूर, कारण तिथले वाघ मोजके होते, बाकीच्यांपासून तुटलेले, आणि पुन्हा पुन्हा आपापसातच जुळत राहिले.

काळा रंग हा काही आजार नाही. पण ज्या वाटेनं हा रंग वर आला त्याच वाटेनं दोषही वर येतात, हे माझ्या वाकड्या जबड्याच्या करडानं मला दाखवलंय.

म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये ताडोब्यातून दोन वाघिणी सिमलीपालला नेल्या, जमुना आणि झीनत. सरळ भाषेत, रक्त बदलायला. त्यातली झीनत डिसेंबरमध्ये तिथून बाहेर पडली, झारखंड ओलांडून पश्चिम बंगालात शिरली, शेवटी २९ डिसेंबरला बांकुरा जिल्ह्यात पकडून परत नेली. योगायोग बघा. त्याच डिसेंबर महिन्यात विदर्भाची एक वाघीण बंगालात भटकत होती आणि विदर्भाचाच एक वाघ येडशीच्या घाटात. एकीला माणसांनी गाडीतून नेलं, दुसरा स्वतःच्या पायानं आला.

असा उपाय कामाला येतो का? अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात प्यूमा नावाचं मोठं मांजर आहे, तिथं त्याला पँथर म्हणतात. ते वीस-तीसच उरले होते. पिल्लांच्या शेपट्या वाकड्या, काळजाला भोक, नरांचे वृषण खाली न उतरलेले. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. पुढच्या पिढ्यांत हे दोष कमी झाले आणि दहा-बारा वर्षांत संख्या शंभराच्या आसपास गेली. आठ माद्यांनी हे केलं.

शास्त्रज्ञांचा एक ठोकताळा आहे. तुटलेल्या कळपात दर पिढीला बाहेरून एक जनावर आलं आणि त्याची प्रजा झाली, तरी विविधतेची गळती बरीच थांबते. फक्त एक. म्हणून पाचशे किलोमीटर चालणारा एक नर एवढा मोलाचा. पण अट आहे ती दुसरी, त्याची प्रजा झाली पाहिजे.

मग येडशीच्या वाघाचं काय

येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. एका नराला पुरत नाही तेवढं, म्हणून तो बार्शीच्या बाजूला, इकडं-तिकडं फिरत राहिला. जवळ वाघीण नाही. टिपेश्वरहून वाघीण आपण होऊन इतक्या लांब येण्याची शक्यता फार थोडी, कारण माद्या घराजवळच राहतात. म्हणजे तो इथं दहा वर्षं सुखानं जगला तरी वंशाच्या हिशोबात त्याची चाल फुकट.

म्हणूनच त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचं ठरलं होतं. चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये हा प्रकल्प झाला, रान मोठं, पण वाघ जवळजवळ नाहीत. पकडण्याचे प्रयत्न महिनोन्महिने फसले. पुढं नोव्हेंबर २०२५ मध्ये सह्याद्रीत ताडोब्याची पहिली वाघीण नेऊन सोडली. म्हणजे तिकडं आता वाघिणीची सोय होतेय, आणि इकडं एक नर.

काही जण म्हणतात, त्याला राहू द्या, आपल्या भागात वाघ आला ही भूषणाची गोष्ट. मला स्वतःला हे पटत नाही. ज्याची गाय गेली त्याला भूषण सांगून चालत नाही, आणि वाघालाही इथं एकटं ठेवून काही साधत नाही. पण नुसतं पकडून नेण्यानं भागणार नाही हेही तितकंच खरं. हा गेला तर टिपेश्वरमधून दोन-चार वर्षांनी दुसरा निघेलच. आज तीन गेलेत ते त्यांच्या नशिबानं, वाटेत विजेच्या तारा, विहिरी, महामार्ग सगळं चुकवून. नागपूरजवळ पेंचमधून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर जनावरांसाठी नऊ ठिकाणी रस्ता उंच उचलून खालून वाट ठेवलीय. तिथं लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ जातींची जनावरं जाताना दिसली, त्यात वाघही. आपल्या धुळे-सोलापूर महामार्गावर बालाघाटाच्या घाटांत ओढ्यावरचे पूल आहेतच, त्यांच्या खालची जागा मोकळी ठेवली, कचरा आणि मुरमानं बुजवली नाही, तरी कोल्ह्या-लांडग्यांची सोय होईल.

आपल्या डोंगरातला लांडगा

वाघ पाहुणा आहे, लांडगा आपला आहे. आमच्या पठारावर मेंढरं बसायला आली की मागं लांडगा असतोच, धनगरांना विचारा. या लांडग्याबद्दल २०२१ मध्ये एक मोठी गोष्ट समोर आली. भारतातल्या लांडग्यांचा पूर्ण डीएनए पहिल्यांदाच वाचला, तेव्हा कळलं की भारतीय आणि तिबेटी लांडगे हे जगातल्या आज जिवंत असलेल्या लांडग्यांतली सगळ्यात जुनी घराणी आहेत. आपल्या माळरानावर हिंडणारा हा काही युरोपातल्या लांडग्याचा गरीब भाऊ नाही, त्यांच्याही आधी फुटलेली फांदी आहे.

त्याची अडचण वाघाच्या उलटी. वाघाला जोडीदार मिळत नाही, लांडग्याला चुकीचा मिळतो. पुण्याच्या आसपासच्या माळरानावर द ग्रासलँड्स ट्रस्टच्या लोकांना विचित्र रंगाचे, कुत्र्यासारखे दिसणारे लांडगे दिसले. त्यांचे नमुने बंगळुरूला तपासले आणि २०२३ मध्ये पक्कं झालं, लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झालाय. डीएनएवरून हे भारतात पहिल्यांदाच सिद्ध झालं. लांडगे थोडे उरले, जोडीदार मिळेना, आणि भटकी कुत्री मात्र पोत्यानं. एकदा असं मिसळलं की हजारो वर्षांचं घराणं कुत्र्यात विरघळून जातं. त्याबरोबर कुत्र्यांचे आजारही येतात.

आणि ही कुत्री कुठं वाढतात? पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या आपण जिथं रस्त्याकडंला टाकतो तिथं. मेलेली जनावरं ओढ्यात टाकतो तिथं. हे काम वन विभागाचं नाही, आपलंच आहे. खड्डा करून पुरायला जेसीबीचा अर्धा तास लागतो.

आता कामाचं

वाघ, बिबट्या, लांडगा, कशानंही जनावर मारलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वन कार्यालयाला कळवा. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, त्यावरही सांगता येतं. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका, झाकूही नका. भरपाई तर त्यावर ठरतेच, शिवाय ठसे, केस, विष्ठा हे सगळं त्याच जागेवर असतं. केस-विष्ठेचा नमुना डेहराडून किंवा हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेला तर तो कोणता प्राणी, कुठला, हे कळू शकतं. आपण गर्दी करून ती जागा तुडवली की तेही गेलं.

ठसा दिसला तर मोबाईलनं फोटो काढताना शेजारी पेन किंवा काडेपेटी ठेवा, म्हणजे माप कळतं. वाघाचं पाऊल बिबट्यापेक्षा बरंच मोठं असतं. नखं दिसत असतील तर ते बहुतेक कुत्रं, लांडगा किंवा तरस. फोटो आधी वनरक्षकाला पाठवा, गावच्या ग्रुपवर नंतर. त्यावर जागेचं नाव तर टाकूच नका, बघायला येणाऱ्या मोटारसायकलींनी जनावर बिथरतं आणि मग कुणाच्या तरी अंगावर जातं.